नव्वद दिवस, साडेतीन टन आणि दोन सिलिंडर

हिवाळ्याचे अडीच महिने आम्ही दोघे मोटरहोममध्ये राहणार आहोत, हे फोनवर सांगितले तेव्हा साताऱ्याहून आईने विचारले, “अगं, पण स्वयंपाक कशावर करणार? आणि मध्येच गॅस संपला तर?” कुठे जाणार, काय पाहणार, हे तिने नंतर विचारले. गेले आठ महिने नकाशे आणि तक्ते मांडून बसल्यावर माझी खात्री झाली आहे की तिने योग्य ठिकाणापासून सुरुवात केली होती. उन्हाळ्यात युरोपात अशी गाडी घेऊन निघायचे असेल तर दिशा ठरवली की बाकीचे वाटेत जमून जाते. हिवाळ्यात मात्र गॅस किती, वजन किती, उजेड किती आणि आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांच्या हाती दिवस किती, हे चार हिशेब जुळल्याशिवाय नकाशा उघडण्यात अर्थ नसतो.

दिवसांचा हिशेब सर्वांत आधी केला, कारण त्यात कोणतीही सवलत मिळत नाही. आम्ही बरीच वर्षे स्टुटगार्टला राहतो आणि जर्मनीचा कायमचा वास्तव्य परवाना आमच्याकडे आहे. तरीही पासपोर्ट भारतीय असल्यामुळे शेंगेनमधल्या, म्हणजे आपापसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत आम्हाला कोणत्याही 180 दिवसांत मिळून 90 दिवसच राहता येते. जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत, पण सीमा ओलांडल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस हे दोन्ही धरतात. 27 डिसेंबरला फ्रान्समध्ये शिरून, स्पेन-पोर्तुगाल फिरून 16 मार्चला परत जर्मनीत यायचे, म्हणजे 80 दिवस होतात. हा हिशेब सोपा वाटतो, पण 16 मार्चपासून मागे 180 दिवस मोजले की आपण 18 सप्टेंबरपर्यंत जाऊन पोहोचतो आणि ऑक्टोबरात व्हिएन्नाला घालवलेले पाच दिवसही त्यात येतात. एकूण 85 झाले. उरलेले पाच दिवस आम्ही ठरवून मोकळे सोडले आहेत, कारण गाडी बिघडली किंवा कोणी आजारी पडले तरी हा नियम थांबत नाही.

गॅसचे मोल आम्हाला डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत कळले. मोठ्या प्रवासाआधी थंडीत चार रात्री राहून पाहावे, म्हणून आम्ही ब्लॅक फॉरेस्टमध्ये फेल्डबर्गच्या पायथ्याशी गेलो होतो. तिसऱ्या रात्री बाहेर उणे आठ अंश होते. पहाटे पाचच्या सुमारास फरशीखालून पाणी वाहिल्याचा आवाज आला आणि जाग आली. हात रजईबाहेर काढताच लक्षात आले की हीटरचा पंखा बंद आहे. रात्रीच कधीतरी पहिला सिलिंडर संपला होता, गाडी थंड होत गेली होती आणि तापमान तीन अंशांच्या आसपास उतरताच बॉयलरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून त्याने दहा लिटर पाणी जमिनीवर सोडून दिले होते. व्हॉल्व्हने त्याचे काम चोख केले होते, कारण पाणी आत गोठले असते तर बॉयलर फुटला असता. दुसरा सिलिंडर भरलेला होता, पण तो जोडायला डोक्याला बॅटरी बांधून, बर्फावर गुडघे टेकून, बोटे बधिर होईपर्यंत नट फिरवावा लागला. गाडी पुन्हा पुरेशी गरम होऊन तो व्हॉल्व्ह बंद करता आला आणि चहा हाती आला, तेव्हा साडेआठ वाजले होते.

त्या सकाळीच आम्ही दोन निर्णय घेतले. पहिला असा की, एक सिलिंडर संपताच दुसरा आपोआप सुरू करणारा रेग्युलेटर बसवायचा. दुसरा निर्णय जरा खर्चिक होता. जर्मनीतला 11 किलोचा सिलिंडर फ्रान्स किंवा स्पेनमध्ये बदलून मिळत नाही, कारण प्रत्येक देशाचे सिलिंडर आणि त्यांचे जोड निराळे आहेत. स्पेनमध्ये घरोघरी दिसतो तो नारिंगी सिलिंडर बहुधा ब्युटेनचा असतो, आणि शून्याच्या खाली ब्युटेनची वाफच होत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होतो, म्हणून थंडीत त्याचीच साथ लागते. आम्ही जुने सिलिंडर काढून, पंपावर भरता येतील असे दोन सिलिंडर कायमचे बसवून घेतले आणि भरण्याचे तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला आणले. उष्णतेने द्रवरूप गॅस फुगतो, म्हणून ते 80 टक्के भरले की आपोआप बंद होतात. जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन-पोर्तुगाल इथल्या पंपांच्या नळीचे तोंड वेगवेगळे असते. त्यासाठी लागणारे तीन पितळी अडॅप्टर आता ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवले आहेत.

मग वजन. आमच्या वाहन परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि ही मर्यादा सामान, पाणी, इंधन आणि माणसे धरून असते. लहानपणी साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग पाहिली होती. स्टुटगार्टजवळच्या एका काट्यावर वाळूच्या ट्रकांमागे आपले घर घेऊन उभे राहताना मला तीच आठवली. हाती आलेल्या चिठ्ठीवर 3620 किलो असा आकडा होता. म्हणजे 120 किलो जास्त. विशेष असे काहीच घेतले नव्हते, पण घर सहज जड होत जाते. पाण्याची टाकी 100 लिटरची आहे. चालत्या गाडीत 20 लिटरच ठेवायचे ठरवले तेव्हा 80 किलो सुटले. दोन सायकली काढल्या. गाडीच्या दाराशी लावायचा तंबू काढला, पुस्तकांची पेटी कमी केली.

सर्वांत जास्त वेळ लागला तो डाळी-धान्यांच्या डब्यांपाशी. आम्ही जणू वर्षाची बेगमी केली होती. शेवटी एक साधा नियम लावला की जे वाटेत मिळते ते सोबत घ्यायचे नाही. स्पेनमध्ये हरभरे आणि मसूर घरोघरी शिजतात, तांदूळ तर एब्रो नदीच्या मुखापाशीच पिकतो, त्यामुळे ते तिन्ही डबे घरी राहिले. तूरडाळ, मूगडाळ, पोहे, गूळ, मेतकूट आणि गोडा मसाला मात्र गाडीत आहेत. तीन लिटरचा कुकरही आहे, कारण कुकरमध्ये वरणभात लवकर होतो आणि गॅस वाचतो. आईच्या पहिल्या प्रश्नाचे हेच उत्तर होते आणि ते ऐकून ती समाधानाने हसली.

उजेडाचा विचार आम्ही खूप उशिरा केला, खरे तर तो पहिल्या दिवशी करायला हवा होता. 21 डिसेंबरला भर दुपारी स्टुटगार्टला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असतो. त्याच दिवशी दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाला तो 30 अंशांपर्यंत येतो. पुण्यात 48. छतावर सपाट पडलेल्या सौर पॅनेलला अशा तिरप्या किरणांतून फार थोडे मिळते आणि ढग असले तर जवळजवळ काहीच नाही. शिवाय गाडीतली लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती आता पलंगाखाली, हीटरची गरम हवा जिथे पोहोचते तिथे हलवली आहे. फ्रान्स पार होईपर्यंत दर तिसऱ्या रात्री वीज मिळणाऱ्या जागी मुक्काम करायचा, असे ठरले आहे. आणि गाडी दुपारी चारपर्यंत थांबवायचीच, कारण अंधारात अनोळखी गावाच्या अरुंद गल्लीत सात मीटर लांबीची गाडी वळवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आता मार्ग. इटलीतून समुद्राकाठाने जावे असा मोह बराच काळ होता, पण तो रस्ता आल्प्स ओलांडून जातो. आम्ही म्यूलूझजवळ फ्रान्समध्ये शिरून, व्होज आणि ज्युरा पर्वतांमधल्या सखल पट्ट्यातून बोनला, तिथून लिऑं आणि मग रोन नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरणार आहोत. वाटेत उंच घाट नाही. तरी टायर हिवाळीच हवेत. जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर हिवाळी मानले जातात, आणि फ्रान्सच्या डोंगराळ भागांत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात असे टायर किंवा चाकांना लावायच्या साखळ्या बाळगाव्या लागतात. फ्रान्समधला टोल उंचीवर ठरतो. तीन मीटरच्या वर गेले की वरचा दर लागतो. आमची गाडी पॅनेलसह 2.94 मीटर भरली, तेव्हा छतावर आणखी काही बसवण्याचा विचार सोडून दिला.

बर्फाहून मला काळजी आहे ती वाऱ्याची. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल सुटतो आणि नार्बोन ते पर्पिन्याँ या पट्ट्यात त्रामोंतान आडवा येतो. उंच, सपाट बाजूंच्या गाडीला तो अक्षरशः ढकलतो. ताशी 70 किलोमीटरच्या वर झोत असतील असा अंदाज दिसला तर त्या दिवशी निघायचे नाही, आणि हा निर्णय दोघांपैकी एकाने घेतला तरी दुसऱ्याने वाद घालायचा नाही, असे ठरले आहे. माझ्या मते संपूर्ण नियोजनातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ते पाच मोकळे दिवस अशा वेळी उपयोगी पडतील.

मुक्कामाच्या जागा शोधताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. जर्मनीतल्या आणि डोंगराळ फ्रान्समधल्या अनेक जागा हिवाळ्यात खुल्या असतात, पण पाणी गोठू नये म्हणून तिथले नळ बंद केलेले असतात. गाडीतल्या शौचालयाची टाकी दोघांना तीन दिवस पुरते, म्हणजे दर तीन दिवसांनी चालू नळ आणि टाकी रिकामी करण्याची सोय हवीच. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या प्रत्येक जागी आधी फोन करून विचारले. सातपैकी तीन ठिकाणी पाणी बंद होते.

सीमेपलीकडे, स्पेनमधल्या ला होंकेराच्या पुढे, हिशेब सैल होतात. भूमध्य समुद्राकाठचा एपी-7 हा महामार्ग तारागोनापासून फ्रान्सच्या सीमेपर्यंत सप्टेंबर 2021 पासून टोलमुक्त आहे. एब्रोच्या मुखापाशी भातखाचरे आणि फ्लेमिंगो, पेन्यिस्कोला, मग काबो दे गाताचा कोरडा किनारा, असे हळूहळू उतरत जायचे आहे. जानेवारीच्या अखेरीस बदाम फुलतात, तेव्हा आल्मेरियाच्या आसपास असावे ही माझी इच्छा आहे आणि सगळा तक्ता तिच्याभोवतीच बेतला आहे. स्पेनमध्ये गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे यांत फरक करतात. नियमाने उभ्या केलेल्या गाडीत झोपता येते, पण बाहेर खुर्ची टाकली किंवा छत्री उघडली की तो तळ ठरतो. काबो दे गातासारख्या राखीव क्षेत्रात तर रात्री अधिकृत जागीच राहावे लागते, आणि इतका नाजूक किनारा जपायचा असेल तर ते योग्यच आहे.

फेब्रुवारीत तारिफाहून, जिथे आफ्रिका जेमतेम 14 किलोमीटरवर आहे, कादिसमार्गे आयामोंतेला ग्वादियाना नदी ओलांडून पोर्तुगालला जाऊ. आपण रोज पाव, बटाटा, काजू आणि चावी हे शब्द वापरतो. ते पोर्तुगीजांबरोबर ज्या देशातून आले तो देश मी अजून पाहिलेला नाही, म्हणून तिथले तीन आठवडे मी कोणालाही कमी करू दिले नाहीत.

काल पुन्हा काट्यावर जाऊन आलो. 3460 किलो. ती चिठ्ठी स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, तिच्या शेजारी दिवसांचा तक्ता आहे आणि खाली आईने पाठवलेल्या मेतकुटाचा डबा.