पुरातून वाचलेला माल

ऑगस्ट २०२१. पंचगंगेचं पाणी उतरून पंधरा-वीस दिवस झाले होते, पण नदीकडच्या पेठांत भिजलेल्या गाद्या अजून रस्त्यावरच होत्या. अशात एका सकाळी आमचा प्रेस शॉपवाला, म्हणजे यंत्रावर पत्रा दाबून वस्तू घडवणारा, पुठ्ठ्याचा खोका घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या भट्टीवर आला. खोका टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "दादा, बघा."

आत पितळी टोप्या होत्या. बोटाएवढ्या लांब, एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूला मान आवळलेली. सेन्सरवर बसणारं कवच ते. पत्र्याची चकती कापायची, प्रेसवर तीन ओढींत तिची नळी करायची आणि शेवटच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, तोंड आवळून मान काढायची. ओढून ओढून पितळ कडक होतं, म्हणून मधल्या टप्प्यावर नळ्या माझ्याकडे येत, भट्टीत मऊ होऊन परत जात. चार वर्षं हे काम बिनतक्रार चाललं होतं.

एक टोपी उचलली. मानेवर केसासारखी उभी चीर. दुसरीला तशीच. तिसरीला दोन. भिंगाखाली धरली तर चीर तोंडाच्या कडेपासून निघून सरळ खांद्यापर्यंत आलेली आणि तिथंच थांबलेली. खालच्या नळीवर ओरखडासुद्धा नाही. पितळ ताणून फाटतं तेव्हा कडा पातळ होतात, ओठ बाहेर वळतात. इथं कडा जशाच्या तशा होत्या. काच तडकावी तशी मान तडकली होती.

पाठवायच्या आधी प्रत्येक नग तपासलेला होता. त्यानंतर माल कुणी वापरला नव्हता, पाडला नव्हता, त्यावर काही बसवलंही नव्हतं. खोक्यात नुसता पडून फुटला होता. गोडाऊनमध्ये पाणी शिरेल या भीतीनं प्रेसवाल्यानं पुराच्या आधी रातोरात दोन टेम्पो भरून माल हलवला होता, आणि खोक्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता. आता गिऱ्हाईक पूर्ण लॉट परत करायला निघालं होतं. प्रेसवाला पत्रेवाल्याला बोल लावत होता, पत्रेवाला त्याच्या डायला, आणि दोघांचीही शंका फिरून माझ्या भट्टीवर येत होती.

याच लॉटमधल्या चार टोप्या मी नमुना म्हणून कपाटात ठेवल्या होत्या. त्या काढल्या. चारही शाबूत! कडकपणा मोजला तर फुटलेल्या मानेचा आणि शाबूत मानेचा आकडा जवळजवळ सारखाच. म्हणजे पत्रा तोच, डाय तीच, भट्टी तीच. मग दीड महिन्यात वेगळं काय घडलं? दुपारचा डबा मी न उघडताच घरी परत नेला.

माझ्या मामांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. १८६९ सालचा तो कारखाना. मामा आता राजारामपुरीत असतात. संध्याकाळी दोन टोप्या त्यांच्या हातावर ठेवल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी त्या खिडकीजवळ नेल्या, मग नाकाला लावल्या आणि विचारलं, "माल ठेवला कुठं होता रे?"

मी तिथूनच प्रेसवाल्याला फोन लावला. मेहुण्याच्या गावी, माळावरच्या शेडात, असं उत्तर आलं.

"शेडात आणि काय असतं?"

"म्हशी हाईत की. सात-आठ. युरियाची पोती पण तिथंच असत्यात."

मामा म्हणाले, "झालं. लेका, ही काडतुसाची मान आहे."

मग त्यांनी सांगितलेलं मी आजवर विसरलेलो नाही. काडतुसाची नळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची. आमच्या टोप्याही त्याच पितळेच्या. गोळी घट्ट धरायला काडतुसाची मान आवळलेली असते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातली काडतुसं पावसाळ्यात याच जागी तडकायची. घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली जास्त, असं सांगतात. त्या ऋतूवरूनच या रोगाला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी कारण नीट मांडलं: मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि आवळताना पितळेत अडकून राहिलेला ताण. ताण धातूच्या कणांना ओढत असतो आणि अमोनिया कणांमधली शिवण कुरतडतो. तिन्हींतलं एक काढलं तर चीर पडत नाही.

म्हणूनच काडतूस तयार करताना मानेला शेवटी ताव देतात, म्हणजे ती तापवून आतला ताण सोडवतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तावाची. तो ताव बुडापर्यंत पोचू द्यायचा नाही, कारण बार उडताना सगळा दाब बूड झेलतं, ते कडकच हवं. परदेशात नेमबाज तीच नळी पुन्हा भरून वापरतात, त्यांनाही हेच भोवतं. दर बाराला मान फुगते, पुन्हा आवळली जाते, कडक होत जाते आणि एक दिवस उभी चिरते. त्यामुळे ते लोकही काही बारांनंतर मानेला ताव देतात.

आमच्या टोपीला तो शेवटचा ताव नव्हता. भट्टीतून पितळ काळवंडून निघतं, मग ॲसिडात धुवावं लागतं, नगामागे खर्च वाढतो आणि चकाकी जाते. प्रेसवाल्यानं तो टप्पा नको म्हटलं होतं आणि मी मान्य केलं होतं. जॉब कार्डावर माझी सही आहे. ओढींच्या मधला ताव मी मन लावून दिला, पण मान त्यानंतर आवळली जात होती. हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेस शॉपमध्येच राहिलेले त्या लॉटचे वीस नग मागवले. दहा तसेच ठेवले. दहा २७५ अंशावर तासभर भट्टीत ठेवले. एवढ्या तापमानाला पितळ मऊ पडत नाही, आतला ताण तेवढा सुटतो. मग काचेच्या बरणीत तळाला अमोनियाचं पाणी, वर जाळी, जाळीवर वीस टोप्या, आणि झाकण घट्ट.

सकाळी झाकण काढलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तो अमोनियाच होता. सगळ्या टोप्या काळपट पडल्या होत्या. पुसून एकेक भिंगाखाली घेतली. ताव न दिलेल्या दहांपैकी आठ तडकलेल्या, चीर अगदी तशीच, तोंडापासून खांद्यापर्यंत. ताव दिलेल्या दहाच्या दहा शाबूत. प्रेसवाला शेजारी उभा होता. त्यानं पुन्हा मोजल्या, मग स्टुलावर बसला.

गिऱ्हाइकाकडे आम्ही दोघं गेलो. बरणीतल्या वीस टोप्या, जॉब कार्ड आणि म्हशींच्या शेडाचा फोटो टेबलावर ठेवला. नवीन लॉट शेवटच्या तावासह करून द्यायचा, खर्च निम्मा प्रेसवाल्याचा, निम्मा माझा, असं ठरलं. शेडातल्या खोक्यांत न तडकलेलेही पुष्कळ नग होते. ते चालतील का म्हणून मामांना विचारलं. "आज दिसत नाही म्हणून चीर नाही असं धरू नको," ते म्हणाले. ते सगळे नग भंगाराच्या काट्यावर चढवले, तेव्हा टेम्पोत शेडाचा वास तसाच येत होता.