शिरो मागवला की पिठलं येतं: वॉशिंग्टनमधलं इथिओपियन जेवण

शिरो मागवला तर शिरा येत नाही, पिठलं येतं. हरभरे किंवा वाटाणे भाजून, त्यात मसाला घालून दळलेलं पीठ परतलेल्या कांद्यात पाणी घालून शिजवतात. ‘तेगाबिनो शिरो’ मागवला तर तेच जरा घट्ट होऊन मातीच्या छोट्या भांड्यात, टेबलावर आल्यावरही रटरटत असतं. पण मेन्यूवर त्याच्याच खाली ‘बोझेना शिरो’ असतो आणि त्यात बीफचे बारीक तुकडे असतात. शाकाहारी माणसाची पहिली फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

म्हणून टेबलावर बसल्यावर ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्याआधी ‘या-त्सोम’ म्हणा. त्सोम म्हणजे उपवास. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस. त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. डाळी, भाज्या, कांदा-लसूण सगळं चालतं. आपल्या साबुदाणा-वरीच्या उपवासाच्या अगदी उलट! ‘या-त्सोम बेयाइनेतू’ म्हणजे उपवासाच्या पदार्थांचं मिश्र ताट. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: काही लोक उपवासाला मासा चालवून घेतात, त्यामुळे ‘आसा’ हा शब्द दिसला तर तो मासा समजा. आणि दूध-तूप अजिबात नको असेल तर एवढंच विचारा, “किबे अलेबेत?” म्हणजे यात लोणी आहे का? एरवी साध्या दिवशी डाळीतही ‘नितर किबे’ पडू शकतं. ते म्हणजे हळद, मोठी इथिओपियन वेलची आणि सुगंधी पाला घालून कढवलेलं तूप. जैन मंडळींसाठी इथे फारसं काही नाही, कारण जवळजवळ प्रत्येक रश्शाचा पाया कांदाच असतो.

मांसाहारी लोकांना चार शब्द पुरतात: दोरो म्हणजे कोंबडी, बेग म्हणजे मेंढी, फियेल म्हणजे बोकड, आणि नुसतं ‘सिगा’ लिहिलं असेल तर ते बहुधा बीफ. ‘तिब्स’ म्हणजे परतलेलं मांस. तेही न विचारता मागवलं तर बीफचंच येण्याची शक्यता जास्त. डुकराचं मांस मात्र मेन्यूवर दिसणार नाही, ते तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनही खात नाहीत आणि मुसलमानही. ‘कितफो’ हा कच्च्या बीफचा खिमा असतो, गरम नितर किबे आणि ‘मित्मिता’ नावाची जहाल पूड घालून कालवलेला. अर्धकच्चा हवा तर ‘लेबलेब’ म्हणा.

आता इंजेरा. दिसायला आपली आंबोळी, पण हात दीड हात रुंद, आणि तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची. पीठ भिजवून, आधीच्या घाण्याचं पिवळसर पाणी विरजण म्हणून घालून, दोन-तीन दिवस आंबवतात. मग त्यातलं थोडं पीठ पाण्यात शिजवून खिरीसारखं करतात आणि परत मूळ पिठात मिसळतात. याला ‘अब्सित’ म्हणतात. तेफमध्ये ग्लुटेन नाही, म्हणून पिठाला धरून ठेवायला हा शिजलेला भाग लागतो. तो चुकला की इंजेऱ्याला जाळी पडत नाही. मितादवर, म्हणजे मोठ्या गोल तव्यावर, पीठ बाहेरून आत गोल ओततात, झाकण ठेवतात आणि एकाच बाजूने भाजतात. उलटायचा प्रश्नच नाही.

चांगला इंजेरा ओळखायचा तो डोळ्यांवरून. वरच्या छिद्रांना अम्हारिकमध्येही ‘डोळे’च म्हणतात. ते सारखे पसरलेले हवेत, चव आंबट पण कडू नको, आणि कडा वाळून कडक झालेल्या नकोत. रंगावर जाऊ नका: पांढरट तेफही असतं. मात्र अमेरिकेत स्वस्तासाठी त्यात मैदा किंवा जवाचं पीठ सर्रास मिसळतात. ग्लुटेन चालत नसेल तर ‘शंभर टक्के तेफ’ मागावा लागतो. त्याला बहुधा जास्त पैसे पडतात आणि काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

खाताना सोबत आलेल्या इंजेऱ्याची गुंडाळी उलगडून दोन बोटं रुंद तुकडा फाडायचा, डोळ्यांची बाजू पदार्थाकडे ठेवायची आणि उजव्या हाताने चिमटीत धरून उचलायचं. पोळीसारखी खोल वाटी करायला गेलात तर तुकडा मधोमध फाटतो. ताटात पदार्थांखाली अंथरलेला, रस्सा पिऊन बसलेला इंजेरा शेवटी खातात. खरी चव त्यातच आहे. सोबतचा कुणी तुमच्या तोंडाशी घास आणला तर नाही म्हणू नका. तो ‘गुर्शा’, आणि तो जितका मोठा तितकी माया जास्त.

प्रमाणाचा अंदाज बहुतेक जण चुकतात. इंजेरा पोटात फुगतो. दोघांत एक बेयाइनेतू आणि एक मांसाचा पदार्थ पुरतो. चौघांना दोन बेयाइनेतू आणि दोन वॉत (रस्से). बेयाइनेतूत मसुरीचा लाल मिसिर वॉत, हळदीचा सौम्य किक अलिचा, गोमेन म्हणजे कोलार्ड पालेभाजी आणि कोबी-गाजर-बटाटा हे असतंच. नुसतं ‘वॉत’ म्हणजे तिखट रस्सा, ‘अलिचा’ म्हणजे पिवळा आणि मवाळ, एवढं समजलं की लहान मुलांच्या जेवणाचाही प्रश्न सुटतो.

स्वयंपाकघर कसं आहे ते दोरो वॉतवरून कळतं. एका कोंबडीला दीड-दोन किलो कांदा, तो आधी तेलाशिवाय मंद आचेवर तासभर तरी आटवायचा, मग बर्बेरे हा लाल मिरचीचा मसाला, मग किबे, आणि शेवटी उकडलेली अंडी. चांगल्या वॉतमध्ये कांदा दिसत नाही आणि मिसळीच्या कटासारखा तवंग वर येतो. घाई केली असेल तर बर्बेरे जिभेवर कचकचते आणि कडवट लागते.

हॉटेलं कुठे शोधायची? 1974 च्या क्रांतीत इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांची सत्ता गेली आणि त्यानंतर आलेल्या निर्वासितांपैकी पुष्कळ जण वॉशिंग्टनला स्थिरावले. आधी अ‍ॅडम्स मॉर्गनमधला अठरावा रस्ता गजबजला, मग यू स्ट्रीट आणि शॉ वस्तीतला नववा रस्ता. भाडी वाढली तशी दुकानं मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला आणि व्हर्जिनियात अलेक्झांड्रिया, बेलीज क्रॉसरोड्सकडे सरकली. हर्नडन, अ‍ॅशबर्नकडच्या मराठी घरांना व्हर्जिनियाचीच सोपी; तिथे गाडी हवी. यू स्ट्रीट आणि सिल्व्हर स्प्रिंगला मेट्रोने जाता येतं. डीसीत हॉटेलच्या बिलावर 10 टक्के कर लागतो, टिप वेगळी, आणि मोठ्या घोळक्याच्या बिलात ती आधीच धरलेली असू शकते. बिल वाचून मगच रक्कम लिहा. पाटीवर ‘एरिट्रियन’ असेल तर मालकाला इथिओपियन म्हणू नका, एरिट्रिया हा वेगळा देश आहे. तिथल्या मेन्यूवर स्पॅगेटी दिसते ती इटलीच्या राजवटीची आठवण.

कॉफीचा सोहळा हवा असेल तर फोन करूनच जा. हिरव्या बिया समोर भाजतात, कुटतात, ‘जेबेना’ नावाच्या सुरईत उकळतात, शेजारी धूप जळतो आणि खायला पॉपकॉर्न. त्याच पुडीत पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. तासभर धरून चला. पहिल्या फेरीनंतर उठणं बरं दिसत नाही.

उरलेलं घरी नेताना रस्से वेगळ्या डब्यात मागा, नाहीतर घरी पोचेपर्यंत लगदा होतो. इंजेरा फ्रिजमध्ये कडक पडतो. ओल्या कागदात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये 15 सेकंद पुरतात. दोन इंजेरे उरले तर दुसऱ्या दिवशी फिरफिर करा, म्हणजे फोडणीच्या पोळीची इथिओपियन बहीण: दोन चमचे तेलात एक कांदा लालसर करायचा, चमचाभर बर्बेरे आणि एक टोमॅटो, अर्धी वाटी पाणी, तेल सुटेपर्यंत आटवायचं. मग गॅस बंद करून इंजेऱ्याचे तुकडे घालून एकदाच हलवायचं. गॅस चालू ठेवून हलवत बसलात तर तुकड्यांची खीर होते.