दरडीच्या लाटा संगणकावर मांडताना

गेले काही आठवडे मी फावल्या वेळात एक लहानसा प्रोग्राम लिहीत आहे. अरुंद खाडीत कड्यावरून दरड कोसळली तर पाण्याची लाट कशी उठेल आणि समोरच्या उतारावर किती उंच चढेल, हे त्यातून काढायचे आहे. पाण्याचे गणित अवघड जाईल आणि दरड म्हणजे वरून घसरणारा एक ठोकळा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नेमके उलटे झाले.

नमुना म्हणून अलास्कातील लिटुया उपसागर घेतला. 9 जुलै 1958 च्या रात्री भूकंपामुळे तेथे सुमारे 3 कोटी घनमीटर खडक पाण्यात कोसळला आणि समोरच्या डोंगरसोंडेवरचे जंगल 524 मीटर उंचीपर्यंत साफ सोलून निघाले. पाण्याची खोली तेथे सुमारे 120 मीटर. उथळ पाण्याच्या समीकरणांनुसार लाटेचा वेग खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला जेमतेम 34 मीटर भरतो. दरड पाण्यावर आदळतानाचा वेग मात्र 110 मीटरच्या आसपास मानला जातो. दरड लाटेच्या तिप्पट वेगाने आली की पाण्याला बाजूला सरायला सवडच मिळत नाही, खडकामागे हवेची पोकळी तयार होते, आणि उभी हालचाल जवळजवळ नाहीच असे धरून चालणारी ही समीकरणे त्या जागी अपुरी पडतात. म्हणून आदळण्याच्या जागेपुरती पूर्ण नेव्हिए-स्टोक्स समीकरणे (द्रवाची सर्व दिशांनी होणारी हालचाल मांडणारी) किंवा पाण्याला सुट्या कणांचा समूह मानणारी पद्धत वापरायची आणि लाट दूर गेल्यावर सोप्या समीकरणांकडे वळायचे, अशी तडजोड करता येते. (कणांची ही पद्धत 1977 मध्ये निघाली ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी, याची मला अजूनही गंमत वाटते.)

माझा प्रोग्राम पहिल्यांदा बंद पडला तो किनाऱ्यावर. लाट कोरड्या उतारावर चढू लागताच खाडीचे ज्या 10 मीटरच्या चौकटींत तुकडे पाडले होते त्यांपैकी एका चौकटीतील पाण्याची खोली उणे 3 मिलिमीटर झाली, तिचे वर्गमूळ काढताना संगणकाने हात टेकले आणि बघता बघता तो बिघाड साऱ्या खाडीभर पसरला. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पाणी असलेली चौकट कोरडी धरल्यावर आणि कोणत्याही चौकटीतून तिच्यात आहे त्याहून अधिक पाणी बाहेर जाऊ न दिल्यावर ते दुखणे थांबले.

दरडीचे दुखणे मात्र असे थांबत नाही. 45 अंशांच्या उतारावरून 600 मीटर खाली येणाऱ्या ठोकळ्याचा घर्षणकोन (ज्या उतारावर तो जेमतेम घसरू लागतो तो कोन) 30 अंश धरला तर तो सेकंदाला सुमारे 70 मीटर वेगाने पाण्यापाशी पोहोचतो, 20 अंश धरला तर 86 मीटर वेगाने. हा कोन कोसळण्याआधी कोणी मोजून देत नाही. शिवाय दरड एकसंध येईल की वाटेत फुटून खडीसारखी वाहील, हेही आधी आपणच ठरवायचे असते.

या ठरवण्याची किंमत इटलीतील वायोंत धरणाने दाखवली. तेथे संगणक नव्हता, पण धरणाची लहान प्रतिकृती करून, तिच्यात दरडीऐवजी खडी सोडून प्रयोग झाले होते, आणि दरड सुमारे 4 कोटी घनमीटरची धरून 700 मीटरची जलपातळी सुरक्षित ठरवण्यात आली होती. 9 ऑक्टोबर 1963 रोजी पातळी जवळजवळ तेवढीच असताना सुमारे 27 कोटी घनमीटरचा डोंगर एकसंध सरकत आला, लाट धरण ओलांडून खालच्या गावांवर गेली आणि सुमारे 2,000 माणसे मेली. धरण मात्र जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले.

त्यामुळे लाटेची एकच उंची काढण्याचा नाद मी सोडला आहे. घर्षणकोन, आकारमान आणि फुटण्याचे प्रमाण बदलत प्रोग्राम रात्रभर चालू ठेवतो, आणि सकाळी सर्वांत उंच लाटेची नोंद आधी उघडतो.