सकाळी ११ ला डिस्चार्ज, सुटलो संध्याकाळी ७ ला

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आज बेळगावातून घरी खानापूरला आणलं. अ‍ॅडमिट करताना कॅशलेसचं (म्हणजे बिल थेट इन्शुरन्स कंपनी भरते ते) अप्रूव्हल पाऊण तासात आलं होतं, तेव्हा खरंच हात जोडले, कारण खात्यात तेवढे पैसेच नव्हते. पण आज? डॉक्टर ११ लाच जावा म्हणाले आणि इन्शुरन्सवाल्यांची एकच क्वेरी, जुनी सोनोग्राफी पाठवा, अहो दोनदा पाठवलीय की! आई सलाईन काढलेल्या हातावर कापूस दाबून खुर्चीवर बसलेली, मामा खाली गाडी घेऊन थांबलेले. आयआरडीएआयच्या (इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ च्या नियमानं फायनल अप्रूव्हल ३ तासात द्यायचं असतंय, उशीर झाला तर जादा बिल कंपनीनं भरायचं, हे हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीला सांगितलं. तिनं कन्नडमधून कंपनीला चांगलं सुनावलं, देव तिचं भलं करो. शेवटी ७ ला मंजुरी, ग्लोव्हज-सिरिंजचे पैसे कापूनच. आई आत्ता पेज पिऊन झोपलीय.