बोटीचं बारसं

जुनी लाकडी बोट मोडीत काढून आम्ही फायबरची बांधायला घातली, तेव्हा नावाचा प्रश्न आमच्या बाबांच्या लेखी नव्हताच. "एकवीरेचं नाव नाय, तर बोट पाण्यात जायाची नाय." विषय संपला.

मी तांडेलाबरोबर, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाबरोबर, समुद्रावर जातो, वायरलेस माझ्याकडेच असतो. अलिबागच्या बाजूला 'एकवीरा' पुकारलं की चार बोटी 'बोला' म्हणतात. आई एकवीरा, जय एकवीरा, एकवीरा माऊली, एकवीरा कृपा... इंजिनाच्या धडधडीत मागचा-पुढचा शब्द ऐकूच येत नाही. जाळं बोटीच्या पंख्यात अडकलेलं असताना भलताच माणूस बोलत बसला तर काय करायचं? नाव लहान हवं आणि शेजाऱ्यांत दुसरं नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

भावाने 'हिरकणी' सुचवलं. खलाशी म्हणाले, एसटी आली म्हणतील. शेवटी आई म्हणाली, 'मोगरा' ठेवा. बंदरात कोणाचंच नव्हतं. बाबांना सांगितलं, केबिनच्या कपाळावर 'आई एकवीरा प्रसन्न' सगळ्यात मोठं, कागदावर फक्त मोगरा. दोन दिवस बोलले नाहीत, मग फुलांचा रंग कुठला देणार ते विचारलं.

नोंदणीचा अर्ज रिअलक्राफ्ट या मासेमारी बोटींच्या सरकारी पोर्टलवर भरला. तिथे नाव इंग्रजीत लागतं, आणि जे स्पेलिंग भराल तेच विम्यात, कर्जाच्या कागदात हवं. ते एका चिठ्ठीवर लिहून सगळीकडे तीच चिठ्ठी दाखवली. नंबर आल्यावर पेंटरला बोलावलं. नंबरात आयएनडी म्हणजे भारत, एमएच म्हणजे महाराष्ट्र, एमएम म्हणजे यंत्रचालित. हा नंबर दोन्ही बाजूंना नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, आणि वरून विमानाला दिसावा म्हणून केबिनच्या टपावरही. तटरक्षक दलवाले आधी नंबरच विचारतात, नाव नंतर.

फायबर गुळगुळीत, त्यावर थेट ऑइल पेंट मारला तर पापुद्रे सुटतात. पेंटरने आधी काचपेपरने घासून चकाकी घालवली, प्रायमर मारला, मग सुतळीला खडू लावून रेघा पाडल्या. अक्षरं हाताने काढली. स्टिकर परवडतो, पण खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बोट उतरवली. आता १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागून ती किनाऱ्यावर चढली, की डावीकडचं नाव पुन्हा ओढून घ्यायचंय. नांगराच्या दोराने 'मो'चा काना आत्ताच अर्धा खाल्लाय.