मीटरवरचा लाल पट्टा

इंजिनं उघडणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही: "फेरे दाखवणाऱ्या मीटरची सुई लाल पट्ट्याला टेकली तरी गाडीत दम असतो, मग अजून थोडी ताणली तर काय बिघडतं? ती हद्द ठरते तरी कशावरून?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

इंजिन फुटतं ते आतल्या स्फोटाने, असं बहुतेकांना वाटतं. स्फोटाचा यात फारसा दोष नाही. खरी झटापट असते सिलिंडरमध्ये वर-खाली पळणारा पिस्टन थांबवण्याची. ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांना, पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबतो आणि उलट्या दिशेने निघतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ८० मिलिमीटर आणि पिस्टन, पिन, रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरा. वरच्या टोकावरून एवढासा ऐवज मागे खेचायला सुमारे ८०० किलो वजनाइतकी ओढ लागते. त्यात जळलेला धूर बाहेर ढकलणाऱ्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनला वरून दाबणारा गॅसही जवळपास उरलेला नसतो, सगळा भार पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टांवर. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. ७,५०० ला फेरे फक्त सव्वापट झाले, पण ओढ साडेबाराशे किलोंच्या वर गेली. तुमचं 'थोडं' ते हे.

म्हणून भरभर फिरणाऱ्या इंजिनाचा स्ट्रोक आखूड आणि पिस्टन हलका ठेवतात. होंडा एस२००० चा स्ट्रोक ८४ मिलिमीटर. ९,००० फेऱ्यांना तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी २५ मीटर पळतो, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी हे फारच झालं. जहाजाच्या मोठ्या इंजिनाचा स्ट्रोक अडीच मीटर असतो, ते मिनिटाला शंभरेक फेऱ्यांवरच समाधानी. डिझेलचे भाग जड, शिवाय फवारलेलं इंधन हवेत मिसळून जळायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा पट्टा लवकर येतो.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांची. कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह ढकलून उघडतो, मिटवते मात्र स्प्रिंग. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो. कडक स्प्रिंग टाकली तर कॅम झिजतो. डुकाटीने व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा रॉकर, म्हणजे छोटी तरफ, दिला. मला ती युक्ती फार आवडते, तिचं सेटिंग करायला मात्र आवडत नाही.

आता फेरे हद्दीला पोचले की इंधन तोडणारा लिमिटर असतो, तरी इंजिनं मरतातच. एकाने पाचव्यावरून चौथ्यावर येताना दुसरा गिअर घातला. हेड उतरवलं तर पिस्टनांच्या डोक्यावर व्हॉल्व्ह आदळून नखाएवढ्या चंद्रकोरी उमटलेल्या, व्हॉल्व्ह वाकलेले. मालक शपथेवर सांगत होता की ॲक्सिलरेटरला पाय लावलाच नव्हता. खरं बोलत होता. इंजिन त्याने नव्हतं फिरवलं, चाकांनी फिरवलं होतं.