पाटा वाढवला आणि थरथर विकत घेतली

ट्रेलर जोडला की माझ्या व्ही-क्रॉस पिकअपचं मागचं बूड बसायचं, म्हणून मागच्या लीफ स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा (स्टीलची पट्टी) घातला आणि मागच्या वेळी ‘पाट्यांचं काम फत्ते’ असं छाती काढून लिहिलं. ते शब्द मुकाट गिळतोय.

पहिली संध्याकाळ मात्र सोन्याची गेली. नाना पेठेतून जादा पाटा टाकून व्ही-क्रॉस आणली, ट्रेलर जोडला, त्यावर एमएम ५४० (महिंद्राची जीप) चढवली. मागचं बूड बसलं नाही. समोरून येणाऱ्या एकानेही डिपर मारला नाही. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली तर ट्रेलरसकट ५४१ मिलिमीटर. मूळ पाट्यांवर गाडी रिकामी असताना ५४० भरायची आणि ट्रेलर जोडला की ४६८ वर यायची. बायकोला खाली बोलावून टेप दाखवली. ‘बरं,’ म्हणाली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर सोडून ऑफिसला निघालो. फाटकातून बाहेर पडताना क्लच सोडला आणि सीटखालून घर्रर्र! वीसच्या वर गेलो की कमी, चाळीसला गायब. सिग्नलवरून निघालो की पुन्हा तेच. आरसा इतका थरथरायचा की मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसायच्या.

गॅरेजवाल्याने अर्थातच क्लचप्लेटचं निदान केलं. आपल्याकडे गाडी हलली की क्लच, आवाज आला की बेअरिंग. मी क्लचला हात लावू दिला नाही, पण मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) बदलून घेतले. जुने काढून हातात फिरवले तर लोण्यासारखे. म्हणजे ते पैसेही गेले. मग टायर बॅलन्सिंग, मग पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळणं (नवीन पाटा बसवल्यावर दोनेकशे किलोमीटरने ते आवळावेच लागतात, आणि जुने यू-बोल्ट परत वापरणाऱ्याकडे गाडी देऊ नका). तीन रविवार गेले, थरथर जागच्या जागी.

खटकत एकच होतं. ट्रेलर जोडला की थरथर नाही. ओझं ओढताना गाडी गुळगुळीत आणि रिकामी असताना खुळखुळा, हे क्लचच्या दुखण्यात बसत नाही. सोसायटीत गच्चीच्या कामाचं सिमेंट आलं होतं. वॉचमनच्या परवानगीने एक पोतं पिकअपच्या हौद्यात टाकलं आणि पार्किंगमध्येच गाडी हलवून पाहिली. घर्रर्र. दोन पोती, थोडं कमी. तीन. चौथ्या पोत्याला, म्हणजे २०० किलोंना, आवाज जवळपास मेला. पाठ मोडली होती, पण मी एकटाच हसत होतो आणि वॉचमन काळजीने बघत होता.

पाठीमागे वजन पडलं की चेसिस खाली येते आणि शाफ्टचा कोन बदलतो. या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मध्ये चेसिसला टांगलेलं सेंटर बेअरिंग. जादा पाट्याने रिकामी गाडी मागून ५२ मिलिमीटर उचलली, म्हणजे चेसिसच्या मानाने एक्सल तेवढाच खाली गेला आणि मागचा तुकडा जास्त तिरका झाला. एका क्रॉसने घातलेला हिसका दुसऱ्याने पुसायचा असतो. दोघांचे कोन जुळले नाहीत की तो पुसला जात नाही, आणि गाडी निघताना जोर जास्त असतो तेव्हाच तो जाणवतो.

चुंबकाचं डिजिटल अँगल गेज घेतलं. या महिन्यातला हा एकच खर्च वसूल झाला म्हणेन. मोबाइलचं लेव्हल यासाठी वापरू नका, शाफ्टच्या गोल नळीवर ते दर वेळी वेगळंच सांगतं. मग कोन जुळवायला सेंटर बेअरिंग खाली घ्यायचं ठरवलं. आधी वॉशर घालून ६ मिलिमीटर, थरथर निम्मी. १२ केले आणि संपली! लगेच लेथवाल्याकडून १२ मिलिमीटरच्या पट्ट्या करून घेतल्या, १०.९ ग्रेडचे लांब बोल्ट लावले. सिग्नलवरून चार वेळा उगाचच निघून पाहिलं.

इथेच हा मजकूर संपणार होता. पण काल रात्री एअरबॅगची (अपघातातली नव्हे, पाट्यांना मदत म्हणून चेसिस उचलून धरणारी हवेची बॅग) हवा ठरवण्यासाठी, ट्रेलर जिथे अडकतो त्या बॉलवरचं वजन मोजायला बसलो, आणि सगळं उलटंपालटं झालं.

मोजायची रीत सोपी आहे. तीन फुटांची फळी, एक टोक विटेवर, दुसरं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर. ट्रेलरचा जॅक विटेपासून एका फुटावर टेकवायचा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट वजन. काट्याने ९६ दाखवले. म्हणजे २८८ किलो! ट्रेलर आणि जीप मिळून १९०० भरतात, म्हणजे पंधरा टक्के. बॉल मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर मागे, व्हीलबेस ३.१ मीटर. तरफेच्या हिशोबाने मागच्या एक्सलवर ४०० किलोंच्या वर, आणि पुढची चाकं ११६ किलोंनी हलकी. घाटात स्टिअरिंग का तरंगायचं ते कळलं.

जीप ट्रेलरवर फक्त २० सेंटिमीटर मागे घेतली. काट्यावर ७०, म्हणजे २१०. अकरा टक्के. याच्या खाली जाणार नाही, दहाच्या आत गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागण्याचा धोका वाढतो.

आता गंमत बघा. पाटा वाढवायचा निर्णय मी २८८ किलोंवर घेतला होता. २१० ला मूळ पाट्यांवर गाडी ७२ ऐवजी साधारण ५३ मिलिमीटर बसेल. तेवढं एअरबॅग सहज उचलतील, आणि रिकामी असताना ५ पीएसआयवर ठेवल्या की गाडी मूळ उंचीला. मग शाफ्टचा कोनही मूळचा. म्हणजे जादा पाटा नको, पट्ट्या नकोत, काहीच नको होतं. जीप ट्रेलरला बांधायचे टाय-डाउनचे पट्टे वीतभर मागे बांधले असते तरी अर्धं काम झालं असतं.

एक सांगतो, पाटा घाला की बॅग, त्याने गाडीची कंपनीने दिलेली क्षमता वाढत नाही. बॅगेने उचललेला भार तर चेसिसच्या एकाच जागी येतो. त्यामुळे हवा लागेल तेवढीच, आणि हौदा रिकामा.

शनिवारी पाटा काढतोय. पाटेवाल्या काकांना फोन केला. ‘अहो, लोक घालायला येतात,’ म्हणाले, आणि यू-बोल्ट पुन्हा नवीन घ्यायला लावले, जे बरोबरच आहे. पाटा १० मिलिमीटरचा घेतला होता, ही माझीच हाव. कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, ८ च्या पाट्याच्या जवळजवळ दुप्पट. कुणाला हवा असेल तर सांगा, जेमतेम ६०० किलोमीटर चाललाय. सेंटर बेअरिंगच्या पट्ट्या देणार नाही, त्या ड्रॉवरमध्ये राहतील.

बॅगांचा ब्रॅकेट शॉकअपच्या नळीला घासतोय का ते पाहायचं राहिलंय. ते झालं की ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत, जीप लादून, आणि खाली पोचल्यावर ट्रेलरच्या ओव्हररन ब्रेकच्या (गाडी हळू झाली की ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे ब्रेक) ड्रमना हात लावून बघणार. ते किती तापतात यावर पुढचं अवलंबून.